अलीकडचा स्क्रू

तळवली,
१६ जानेवारी १९८३

सितारामभाऊंना विमलचा नमस्कार.

तुमचं सांत्वनाचं पत्र मिळालं होतं. उत्तर द्यायचं राहून गेलं. कामात होते म्हणून राहिलं असं नाही. पत्र फळीवर ठेवलं होतं आणि ते तिथं आहे हे रोज दिसत होतं, एवढंच.

आता कामासाठी लिहिते आहे. हे गेल्यापासून या हंगामातल्या सगळ्या जत्रा बुडाल्या. फुगे फोडायच्या दोन्ही बंदुका पोत्यात गुंडाळून माळ्यावर पडल्या आहेत. मागच्या आठवड्यात धाकटे दीर देवजी यांनी विषय काढला. जमीन तर सरकारने घेतलीच, ते तुर्भ्याला कारखान्यात जातात. त्यांचं म्हणणं, जत्रेतलं दुकान आता त्यांनी चालवावं आणि मी घरात बसावं, दोन वेळचं ते बघतील. वाईट बोलले नाहीत, सरळ बोलले. गावदेवीच्या जत्रेत देवळासमोरची जागा गावकीने यांच्या नावावर दिलेली आहे. मी गावकीपुढे जाऊन म्हटलं, जागा मला द्या. म्हाताऱ्यांनी ठरवलं की या चैत्रातली जत्रा विमलनं एकटीच्या जिवावर करून दाखवावी. जमली तर जागा तिची, नाही तर देवजीची.

मला घरात बसायचं नाही. का ते विचारू नका, मलाच नीट सांगता येत नाही. घरात बसलं की दिवस पुढे सरकत नाही.

अडचण चापाची आहे. तुम्हाला आमची रीत ठाऊक आहे. दुकान मांडलं की पहिला फुगा दुकानवाल्याने देवीचं नाव घेऊन फोडायचा, तो भवानीचा फुगा. तो फुटला की माणसं थांबतात. चुकला की हसून पुढच्या दुकानात जातात. हे तो एका छर्‍यात फोडायचे. मी चापाला बोट लावलं तर चाप जागचा हलत नाही. जोर केला की नळी हलते आणि छर्रा कुडात जातो. या बंदुकांची दुरुस्ती नेहमी तुम्ही करत होता. चाप हलका कसा करायचा ते लिहून कळवा.

दुसरंही कारण आहे. आमच्या बंदुकांचे चाप जड, म्हणून गिऱ्हाइकाचे फुगे फुटत नाहीत, हे घणसोलीपासून तुर्भ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. कुणाचं कुलूप अडलं, पंप अडला, की लोक म्हणतात, ही काय 'नामाची बंदूक' आहे का. यांचं नाव घ्यायला नको, पण लिहिल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. दहाव्याला खाडीवर एक जण तेच बोलला आणि दोघं-तिघं हसले. मला राग आला नाही. मनात म्हटलं, खरंच तर बोलतोय. ती लबाडी मला पुढे चालवायची नाही. लोकांनी फुगे फोडावेत.

सासूबाई बऱ्या आहेत.

विमल


खेड,
२८ जानेवारी १९८३

प्रिय विमलवहिनी,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी एका मास्तरांच्या छत्रीच्या काड्यांशी झटत होतो. छत्री तशीच ठेवली. मास्तर अजून तोंड फुगवून आहेत. आमची चांगुणा म्हणाली, आधी पत्र तरी वाचा मोठ्याने. वाचलं.

वहिनी, खरं सांगतो, मला तुमचं कौतुक वाटलं. पत्रात कुठे रडगाणं नाही. दुसरी बाई असती तर चार पानं आसवांची आणि मुद्दा शेवटच्या ओळीत. तुम्ही खंबीर आहात. नामा नेहमी म्हणायचा, माझी बायको बोलत नाही पण बसते तिथं पहाडासारखी बसते. असं तो तुमच्यासमोर कधी बोलला नसेल. माझ्यासमोर बरंच काही बोलायचा, मी तुर्भ्याला होतो तेव्हा माझ्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर आम्हाला दुसरा उद्योगच नव्हता.

मी दहाव्याला आलो नाही. कामाची गडबड होती असं तेव्हा लिहिलं होतं. गडबड कसली, छत्र्यांना जानेवारीत कोण विचारतंय आणि ऑक्टोबरात तरी कोण. तुमच्या दारात येऊन मी हाक कुणाला मारू, हे मला कळेना, म्हणून आलो नाही. मनात ठेवू नका.

आता चाप. हलका चाप सगळ्यांनाच हवा असतो. पण फार हलका चाप म्हणजे कडी न लावलेलं दार, वाऱ्यानेही उघडतं. म्हणून जे करायचं ते बेताने. मी स्वतः आलो असतो, पण शिमग्यापर्यंत दुकान सोडता येत नाही आणि चैत्रात आंबेडकर जयंतीला चांगुणाच्या माहेरी महाडला जायचं ठरलं आहे. तेव्हा पत्रातूनच करू. तुम्ही एवढं करा. बंदूक उलटी करून चापाभोवतीच्या कडीच्या आत बघा. किती स्क्रू दिसतात आणि कसे, ते लिहा. हात लावू नका, नुसतं बघा.

सासूबाईंना आणि देवजीला जयभीम सांगा. देवजी मनाने वाईट नाही, फक्त त्याला घाई फार.

तुमचा,
सिताराम सकपाळ


तळवली,
१० फेब्रुवारी १९८३

सितारामभाऊंना नमस्कार.

स्क्रू दोन आहेत. एकामागे एक. दोन्ही सारखेच दिसतात, डोकी गंजलेली आहेत. त्यांच्यामध्ये बोट मावेल एवढी जागा आहे. दोन्ही बंदुका सारख्याच.

तुम्ही मला खंबीर म्हणालात ते खोडून टाका. मी खंबीर नाही. मला काही वाटत नाही. दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्या दिसत असतील. हे गेले त्या दिवशी मी रडले नाही. बायका गळ्यात पडल्या, मी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. सासूबाई म्हणाल्या, धक्का बसलाय, रडेल. मग दहावं झालं, बारावं झालं. आता त्या काही म्हणत नाहीत, पण माझ्याकडे बघतात. विहिरीवर बायका माझी कळशी आधी भरू देतात आणि मी वळले की बोलायला लागतात. त्या काय बोलत असतील ते मला माहीत आहे आणि त्याचंही काही वाटत नाही. जेवण तोंडात घातलं की मीठ आहे की नाही तेवढं कळतं. चव कळत नाही.

मी यांना लबाड समजत होते, त्यामुळे असं झालं असेल का, हा विचार येतो. पंधरा वर्षांच्या संसारात माझ्यावर कधी हात उचलला नाही, दारू घेतली नाही. पण प्रत्येक जत्रेत कुणी ना कुणी बंदूक आपटून शिवी घालून जायचं आणि हे नुसते हसायचे. मी घरी येऊन म्हणायचे, चाप जरा सैल करा, लोक थुंकतात आपल्यावर. हे म्हणायचे, "आसूं दे." त्यापुढे शब्द नाही. अशा माणसासाठी कसं रडायचं ते मला येत नाही बहुतेक.

हे सगळं लिहायचं नव्हतं. स्क्रूचं लवकर कळवा.

विमल


खेड,
२१ फेब्रुवारी १९८३

प्रिय विमलवहिनी,
सप्रेम जयभीम.

तुम्ही जे लिहिलंत ते वाचलं. मी स्टोव्ह दुरुस्त करणारा माणूस. चांगुणा म्हणते, वहिनींना थोडे दिवस इकडे बोलवा, फणसाची भाजी खाऊ घालू, चव कशी कळत नाही ते बघते. आमंत्रण पोचवलं. तिच्या हातचं तिखट खाऊन भल्याभल्यांना चव कळली आहे.

नामाबद्दल मी वाईट बोलणार नाही आणि तो साधुसंत होता असंही म्हणणार नाही. धंदेवाईक माणूस धंदा करतो. फुगे फोडायचं प्रत्येक दुकान काही ना काही करतंच, कुणी नळीवरची नेम धरायची माशी वाकडी ठेवतं, कुणी छर्रे हलके घेतं. त्याने चाप जड ठेवला. मी त्याला बेरक्या म्हणायचो आणि तो हसायचा. तुम्ही त्याची एवढी शरम कशाला बाळगता?

आता नीट वाचा. दोन वेळा वाचा.

दोन स्क्रू आहेत म्हणालात, बरोबर आहे. त्यातला पलीकडचा स्क्रू चापाच्या छोट्या स्प्रिंगचा. तो डावीकडे फिरवला की ती स्प्रिंग सैल होते आणि चाप हलका होतो. एकदम नाही, पाव आटा फिरवायचा, बघायचं, मग पुन्हा पाव. एक आटा झाला की थांबायचं.

अलीकडचा स्क्रू खाचेचा. नळी बिजागरीवर खाली मोडून बंदूक ताणली की आतली मोठी स्प्रिंग एका खाचेत अडकून राहते. चाप ओढला की खाच सोडते आणि छर्रा सुटतो. ती खाच किती खोल अडकावी ते अलीकडच्या स्क्रूवर ठरतं. त्याला अजिबात हात लावू नका. तो सैल झाला तर खाच जेमतेम अडकेल आणि मग बंदूक चापाचं ऐकणार नाही, तिच्या मनाला येईल तेव्हा सुटेल. अलीकडचा नाही, पलीकडचा. हे मी दोनदा लिहिलं, म्हणून रागावू नका.

गंज आहे म्हणून आधी रॉकेलचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. झालं की कळवा.

तुमचा,
सिताराम


तळवली,
१४ एप्रिल १९८३

सितारामभाऊंना नमस्कार.

उशिरा लिहिते आहे. मध्यंतरी सासूबाई तापाने आजारी होत्या. आज पाडवा, गुढी उभारली नाही.

तुम्ही सांगितलं तसं केलं. रॉकेल सोडलं, दुसऱ्या दिवशी दुकानाची फळी अंगणात मांडली, तिच्यावर बंदुका नेहमीसारख्या ठेवल्या आणि पलीकडचा स्क्रू पाव पाव आटा करत फिरवला. अलीकडच्याला हात लावला नाही. पहिल्या तीन वेळा चापात काही फरक पडला नाही. चौथ्या वेळी एकदम हलका झाला. दुसऱ्या बंदुकीचंही तसंच झालं.

आता इतका हलका आहे की नुसतं बोट टेकलं की सुटते. मी मागच्या कुडाला फुगे लावून बघितले. आधी चुकले, मग एक फुटला, मग बरेच फुटले. सासूबाई दारात बसून बघत होत्या. फुगा फुटला की त्या दचकतात, मी दचकत नाही. एकदा फळीवर ठेवताना आपोआप सुटली, पण आत छर्रा नव्हता. नवीन हलका चाप आहे, सवय होईल.

देवजीभाऊजींनी बंदूक हातात घेऊन बघितली. म्हणाले, "वयनी, ही तं लोन्यासारखी झाली." जत्रेत नळी मोडून छर्रा भरून द्यायला ते उभे राहतील, कारण फुगे लावायला मी समोरच्या फळ्याकडे जाणार आणि गिऱ्हाइकाला बंदूक भरून द्यायला कुणीतरी हवं. गावकीने तेवढी मदत चालेल म्हणून सांगितलं. भाऊजींनी आपण होऊन विचारलं, मी हो म्हटलं.

जत्रा पौर्णिमेला, म्हणजे सत्तावीसला. तुमचे उपकार झाले. चांगुणाताईंना नमस्कार.

विमल


खेड,
२८ एप्रिल १९८३

विमलवहिनी,

महाडहून आज परत आलो आणि तुमचं पत्र दुकानाच्या दाराखाली मिळालं. जत्रा काल झाली. आता मी काय लिहिणार? तरी लिहितो.

पलीकडचा स्क्रू फिरवून चाप हलका होतो, पण एवढा नाही. बोट टेकलं की सुटते, फळीवर ठेवली की सुटते, हे स्प्रिंगचं लक्षण नाही, हे खाचेचं लक्षण आहे. तुम्ही अलीकडचाच फिरवला आहे. कसा ते मला कळत नाही, मी दोनदा लिहिलं होतं.

दोन्ही बंदुका कुणालाही हातात देऊ नका. देवजीलाही नाही. काल काय झालं ते उलट टपाली कळवा. दोन ओळी लिहा, पण लिहा.

सिताराम


तळवली,
४ मे १९८३

सितारामभाऊंना नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. घाबरू नका, गिऱ्हाइकाला कुणाला काही झालं नाही.

जत्रा चांगली झाली. भवानीचा फुगा मी एका छर्‍यात फोडला. माणसं थांबली, मग हलली नाहीत. तुर्भ्याच्या कारखान्यातली पोरं एकमेकांच्या खांद्यावरून बंदूक मागत होती. बायकांनीसुद्धा फुगे फोडले, आमच्या दुकानात हे पहिल्यांदाच. कुणी शिवी दिली नाही. गावकीचे म्हातारे येऊन बघून गेले, त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, आता बरं वाटेल. ते काही वाटलं नाही, पण काम जमत होतं.

दिवेलागणीला मी फळ्यावर फुगे बांधत होते. भाऊजींनी छर्रा घातला आणि नळी मिटली. मिटल्याबरोबर बंदूक सुटली. मला आवाज आला, फुगा फुटला नाही म्हणून मी मागे वळून बघितलं आणि पुन्हा बांधायला लागले. बरेच फुगे बांधून झाले. मग एका फुग्याला लाल बोटं उमटली. मी इकडेतिकडे बघायला लागले, रंग कुठून आला म्हणून. भाऊजींच्या हातातून बंदूक पडली. ते म्हणाले, "वयनी, तुमचे दंडाना रगत येतंय. तुमाला कलत नाय का?"

मला कळलं नव्हतं, भाऊ. डाव्या दंडात छर्रा होता. घणसोलीच्या डॉक्टरांनी काढला. ते म्हणाले, सहसा माणूस ओरडतो. पदर लावून घरी आले. मला त्या छर्‍याची भीती वाटली नाही. मला कळलं नाही याची वाटली, थोडी.

आता तुम्ही विचारता ते सांगते. तुम्ही अलीकडचा-पलीकडचा म्हणालात. दुकानात बंदुका फळीवर असतात, खांद्याला टेकवायचा दस्ता गिऱ्हाइकाकडे आणि नळी फुग्यांकडे. मी आत उभी असते, फुग्यांच्या बाजूला. माझ्या अंगणातही मी तशीच बसले. नळी माझ्याकडे होती. माझ्या अलीकडे नळीकडचा स्क्रू, पलीकडे दस्त्याकडचा. मी पलीकडचाच फिरवला. तुमचा अलीकडचा आणि माझा अलीकडचा एक नव्हता.

भाऊजी त्या दिवसापासून जेवत नाहीत. स्वतःच्या हाताने वहिनीला छर्रा मारला असं त्यांच्या मनाने घेतलं आहे. बंदुका त्यांनी परत माळ्यावर टाकल्या आणि शिडी काढून घेतली. गावकी पुढच्या महिन्यात बसेल. ते सांगणार आहेत की हे बाईमाणसाचं काम नाही, जागा त्यांना द्या, आणि ते तिथं फुगे न लावता भेळेची गाडी लावतील. बहुतेक तसंच होईल.

विमल


खेड,
१२ मे १९८३

प्रिय विमलवहिनी,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. चांगुणाने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. मग तिला पत्र दिलं. ती रडली. तुमच्या वाटचं रडली म्हणा.

वहिनी, इतकी वर्षं मी बंदुका दुरुस्त केल्या आणि नळीसमोर बसून बंदुकीला हात लावणारं माणूस मी पाहिलं नाही. मी आपला कायम दस्त्याच्या बाजूला बसणारा. माझ्या डोक्यातच आलं नाही की दुसऱ्या बाजूलाही कुणी असतं. चूक माझी आहे. नळीकडचा, दस्त्याकडचा असं लिहायला माझी शाई संपत नव्हती. गावकीला सांगा, सिताराम सकपाळने चुकीचं सांगितलं. हवं तर मी तसं लिहून देतो, नाही तर येऊन उभा राहतो, या वेळी नक्की येतो.

देवजीला सांगा, जेव. त्याने काही केलं नाही. खाचच नव्हती तर नळी मिटल्यावर दुसरं काय होणार.

आता बंदुका पहिल्यासारख्या करायच्या तर ऐका. दस्त्याकडचा स्क्रू तुम्ही जेवढा फिरवलात तेवढाच परत उजवीकडे फिरवा, मग आणखी अर्धा आटा. नळीकडच्याला हात लावू नका, तो नामाच्या वेळी होता तिथंच आहे. चाप होता तसा जड होईल. भवानीचा फुगा जाईल, जाऊ दे.

तो जडपणाही माझ्याच हातचा आहे, हे तुम्हाला माहीत नसेल. पहिल्यांदा नामाचे चाप चांगले हलके होते. तुमच्या लग्नानंतरची पहिली जत्रा जवळ आली होती, तेव्हा तो दोन्ही बंदुका खांद्यावर टाकून माझ्या खोलीवर आला. म्हणाला, चाप जड कर. मी केला. ओढून बघितला आणि म्हणाला, अजून. पुन्हा केला. पुन्हा अजून. मी म्हटलं, अरे, एवढा जड चाप ओढून कुणाचा फुगा फुटेल का? तर म्हणाला, "नाय फुटला तं नाय फुटला. सुटाया नको." मी हसलो. म्हटलं, लग्न काय झालं, लगेच बेरका झालास, आता संसार चालवायचा तर गिऱ्हाइकाला लुबाडणार. तो पण हसला. तेव्हापासून मी त्याला बेरक्या म्हणायला लागलो आणि ते नाव शेवटपर्यंत टिकलं.

दंडाची पट्टी रोज बदला. चांगुणा हळद पाठवते आहे, घरची आहे.

तुमचा,
सिताराम


तळवली,
७ जून १९८३

सितारामभाऊंना विमलचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते स्वयंपाक करता करता वाचलं आणि फळीवर ठेवलं. मग भात करपला. मग मी परत पत्र घेतलं आणि त्यांचं ते एक वाक्य, "सुटाया नको", पुन्हा वाचलं. तुम्ही ते इतकी वर्षं चेष्टेचं समजत होता. भाऊ, ते चेष्टेचं नव्हतं.

लग्नाआधी हे दुकानात एकटे असायचे. स्वतःच बंदूक भरायचे, स्वतःच फुगे लावायला जायचे. हे फळ्याकडे असले की फळीवर भरलेली बंदूक नसायची, कारण भरणारं दुसरं कुणी नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेपासून मी फुगे लावायला लागले. हे भरून द्यायचे आणि मी समोर, फळ्यापाशी, नळ्यांच्या पुढे. माझी पाठ गिऱ्हाइकाकडे. दारू पिऊन येणारे असायचे, चापाला बोट लावून गप्पा मारणारे असायचे, बंदूक माझ्याकडे रोखून मैतरांना हसवणारेही असायचे. पंधरा वर्षांत एकदाही बंदूक आपोआप सुटली नाही. मी ते गृहीत धरून चालले. आणि मी तो चाप सैल केल्यावर पहिल्याच जत्रेत छर्रा माझ्या दंडात आला.

फुगा नाही फुटला तर नाही फुटला. लोकांनी लबाड म्हटलं, त्यांच्या नावाची चेष्टा केली, बायकोने घरी येऊन तोंड वाजवलं, हे नुसतं "आसूं दे" म्हणाले. मला एक शब्द सांगितला असता तर काय झालं असतं? पण सांगितलं असतं तर मी भ्याले असते आणि फळ्याकडे गेलेच नसते. ते त्यांना नको असेल. किंवा नुसतंच बोलायला सुचलं नसेल, तसा त्यांचा स्वभाव होता. मला आता विचारता येणार नाही.

भाऊजींना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शिडी आणून लावली आणि स्वतः वर चढून बंदुका काढून दिल्या. दस्त्याच्या बाजूला बसून मी स्क्रू परत फिरवले. चाप जड झाला. त्या दिवशी त्यांनी जेवण मागितलं.

रविवारी गावकी बसली. तुमच्यावर काही टाकलं नाही, तुम्ही येऊ नका. मी सांगितलं, स्क्रू माझ्या हातून फिरला, माझी चूक. आता बंदुका पहिल्यासारख्या आहेत आणि तशाच राहतील. ज्याला फुगा फोडायचा त्याने जोर लावावा, नाही तर पुढच्या दुकानात जावं. मग चाप जड का आहे ते सांगितलं. सगळ्या गावापुढे सांगितलं, त्यांचं नाव घेऊन सांगितलं. खाडीवर हसलेला माणूस तिथंच बसला होता, तो खाली बघायला लागला. म्हातारे म्हणाले, जागा विमलची, पण फळ्यापाशी यापुढे देवजीने उभं राहावं, बाईने मागे बसून बंदुका भराव्यात. मी म्हटलं, नाही. समोर मीच उभी राहणार. ती जागा मला एकाने राखून दिली आहे. जागा मिळाली.

घरी आले आणि एक बंदूक ताणून, दस्ता खांद्याला लावून, रिकाम्याच कुडाकडे चाप ओढून बघितला. एका बोटाने हलला नाही. दुसरं बोट लावलं. दोन्ही बोटं दुखली, चांगली दुखली, तरी ओढत राहिले. मग मला रडू आलं. हळू नाही, भाऊ, ओरडून. शेजारच्या बायका धावत आल्या, त्यांना वाटलं पुन्हा छर्रा लागला. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "आता कवरां रडशील गो, काय झाला?" मी त्यांना तेव्हा सांगू शकले नाही. तुम्हाला सांगते.

हे गेले. मला रविवारी कळलं.

विमल